टोपली वर, धोका चाकाखाली

मेट्रोच्या खांबापाशी, मॉलच्या काचांसमोर किंवा भिवंडी-चाकणच्या गोदामांत हे यंत्र तुम्ही पाहिलं असेल. चार जाड चाकांची गाडी, तिच्यावर लांबलचक पोलादी हात आणि हाताच्या टोकाला कठडा लावलेली टोपली. टोपलीत दोन माणसं आणि खाली गाडीपाशी बहुतेक वेळा कुणीच नाही. साइटवर याला बूम लिफ्ट म्हणतात, कुणी मॅनलिफ्ट म्हणतं, घाईत नुसतंच 'बूम'. याचंच भावंड म्हणजे सिझर लिफ्ट. तिच्यात कात्रीसारख्या अडकवलेल्या पोलादी पट्ट्या उघडत जातात आणि वरचा ओटा सरळ वर चढतो. बूम वाकडी-तिकडी जाऊन अडथळ्यापलीकडे पोचते. सिझरला फक्त वर-खाली कळतं.

आधी एक घोळ दूर करतो. 'लिफ्ट पडून कामगार ठार' ही बातमी आपण वाचतो ती बहुधा वेगळ्या लिफ्टची असते. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकूमला चाळीस मजली इमारतीची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग आटोपून ते खाली येत होते. ती बांधकामापुरती बसवलेली, इमारतीच्या आधाराने वर-खाली करणारी लिफ्ट होती. बूम आणि सिझर कुठल्याच इमारतीला बांधलेल्या नसतात. त्यांचा सगळा आधार म्हणजे चार चाकं आणि चाकांखालची जमीन. त्यांचे बहुतेक अपघात समजून घ्यायला एवढं एक वाक्य पुरतं, पण त्याचा अर्थ पोटात शिरायला जरा वेळ लागतो.

मी काही या यंत्राचा वैरी नाही. बांबूची परांची बांधायला दोन दिवस जातात, शिडी घसरते, आणि जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून त्याला पत्र्यापर्यंत उचलणं हा प्रकार तर मी या डोळ्यांनी पाहिलाय. त्यापेक्षा कठडा असलेली टोपली कितीतरी बरी. अडचण अशी की परांचीवर चढणाऱ्याला आपण उंचावर आहोत ही भीती असते. टोपलीत ती भीती राहत नाही. कमरेपर्यंत कठडा, हाताशी बटणं, पायाखाली जाळीचा पत्रा. माणूस निवांत होतो.

अमेरिकेत बांधकामावरच्या मृत्यूंचा हिशेब बारकाईने ठेवतात. तिथल्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकातल्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा यंत्रांमुळे वर्षाला सरासरी २६ बांधकाम कामगार मरत असल्याचं दिसलं. निम्म्याहून जास्त मृत्यू बूम प्रकारच्या यंत्रांवरचे होते. कारणं मुख्यतः तीन: विजेचा झटका, पडणं आणि यंत्र उलटणं. यात 'पडणं' हा शब्द फसवा आहे. तोल गेला, पाय घसरला असं आपण समजतो. पण बूमवरून माणूस पुष्कळदा पडत नाही, फेकला जातो.

कसा, ते बघा.

गलोल

वीस मीटर वर गेलेला पोलादी हात म्हणजे एक लांब तरफ. तिचं एक टोक गाडीवर, दुसऱ्या टोकाला तुम्ही. समजा दोन चाकांमधलं अंतर अडीच मीटर आहे आणि एका बाजूचं चाक दहा सेंटिमीटर खाली गेलं. दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही, चेंबरचं तुटकं झाकण किंवा पावसाने बसलेला भराव. पण त्याच प्रमाणात वर हिशेब केला तर वीस मीटरवरची टोपली ऐंशी सेंटिमीटर बाजूला जाते. खाली वीतभराच्या आतलं, वर दोन हातांच्या आसपास. शिवाय हे हळूहळू होत नाही, एका झटक्यात होतं. हात वाकतो, परत उसळतो, आणि टोपलीतल्या माणसाला गलोलीतल्या खड्यासारखं उडवतो. कठडा कमरेपर्यंत असतो. फेकल्या गेलेल्या शरीराला तो थांबवत नाही, फार तर अडखळवून उलटा करतो.

दहा मीटरवरून जमिनीवर यायला दीड सेकंदही लागत नाही, आणि टेकताना वेग ताशी पन्नास किलोमीटर असतो. एवढ्या वेळात 'अरे' म्हणून होत नाही.

म्हणून बूममध्ये बेल्ट हवाच. बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा नव्हे, खांदे आणि मांड्यांना बांधणारा पूर्ण हार्नेस. त्याचा दोर आखूड हवा. इतका आखूड की माणूस कठड्याबाहेर जाऊच शकणार नाही. लांब दोर लावला तर तो आधी बाहेर फेकला जातो आणि मग खाली लोंबकळतो, आणि लोंबकळणारं वजन त्याच तरफेला आणखी एक हिसका देतं. दोर अडकवायचा टोपलीतल्या ठरलेल्या कडीत. कठड्याच्या पाइपात नाही आणि शेजारच्या बीममध्ये तर मुळीच नाही. बीमला बांधून घेतलं की जास्त सुरक्षित, असं वाटणारी हुशार माणसं मला भेटली आहेत. टोपली हलली आणि दोर बीमला असला तर तो माणूस दोघांच्या ओढाताणीत सापडतो.

सिझरचं थोडं वेगळं. तिथे मुख्य रक्षण कठडा करतो, आणि माणूस पडतो तो पुष्कळदा कठड्यावर चढल्यामुळे. हात एक वीत पोचत नाही, यंत्र हलवायचा कंटाळा येतो, म्हणून मधल्या पाइपावर पाय. किंवा ओट्यावर स्टूल. "साहेब, दोन मिनिटांचं काम आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की मी हातातलं काम टाकून वर बघतो.

आता जमीन. वीस मीटरची बूम दहा-बारा टनांची असते. हात एका कोपऱ्यावरून बाहेर काढला की त्यातलं जवळपास निम्मं वजन एकाच चाकावर येऊ शकतं. म्हणजे एका टायरखाली चार-पाच टन. काँक्रीटच्या लादीवर ठीक आहे. पण आपल्याकडे यंत्र येतं तेव्हा साइटची अवस्था काय असते? केबल टाकून परवाच बुजवलेला चर, वर मुरूम पसरून सपाट केलेला, खाली पोकळ. पाण्याची टाकी, तिच्यावर पातळ स्लॅब. काळी माती असेल तर उन्हाळ्यात दगडासारखी आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लापशी. वरून सगळं सारखंच दिसतं. चर कुठून गेला हे माहीत असलेला प्लंबर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. यंत्र उभं करण्याआधी त्याला एक फोन करणं हा माझ्या मते कुठल्याही प्रमाणपत्राइतकाच उपयोगी सुरक्षा उपाय आहे.

यंत्र मात्र मुकं नसतं. ते कलंडायला लागलं की भोंगा वाजतो, जास्त वजन झालं की हालचाल बंद पडते. सिझर वर चढली की पोटाखालून दोन पट्ट्या खाली उतरतात. चाक खड्ड्यात गेलंच तर यंत्र त्या पट्ट्यांवर टेकावं म्हणून. खाली विटेचा तुकडा पडलेला असेल तर पट्ट्या पूर्ण उतरत नाहीत आणि गाडी पुढे सरकायला नकार देते. उतरून तो तुकडा उचलायचा, एवढंच. पण भोंग्याची वायर काढून ठेवलेली, सेन्सरला चिकटपट्टी लावलेली यंत्रं साइटवर दिसतात. "सारखं कटकट करतं," असं कारण मिळतं.

वजनाचंही असंच. बऱ्याच टोपल्यांवर २३० किलोच्या आसपास मर्यादा लिहिलेली असते. दोन माणसांचे दीडशे धरा, ड्रिल-ग्राइंडर-स्क्रूची पिशवी तीस. उरले पन्नास. छताच्या जिप्समचा सहा बाय चारचा एक बोर्ड वीस किलोच्या घरात असतो. म्हणजे दोन बोर्ड. पण फेऱ्या वाचवायला सहा चढवले जातात, आणि तेही एकाच कडेला उभे टेकवून.

वळवाचा झोत

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारपर्यंत पान हलत नाही, आणि चारनंतर आभाळ काळवंडून असा वारा सुटतो की टपऱ्यांचे पत्रे उडतात. शेड पावसाळ्याआधी पुरी करायची म्हणून पत्रे चढवण्याचं काम नेमकं याच दिवसांत जोरात असतं.

उघड्यावर चालणाऱ्या या यंत्रांची वाऱ्याची मर्यादा साधारण सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर असते. निव्वळ घरात वापरायच्या काही सिझरना तर मर्यादा शून्य असते. म्हणजे त्यांना दाराबाहेर काढायचंच नाही. यंत्रावरच्या पाटीवर ते लिहिलेलं असतं, रंगाच्या शिंतोड्यांखाली.

ताशी ४५ च्या वाऱ्यात तीन चौरस मीटरचा पत्रा आडवा धरला तर त्याच्यावर तीस किलोच्या वर रेटा येतो. दोन माणसांच्या ओट्याला आडवा जोर साधारण चाळीस किलोपर्यंतचा धरून यंत्र बनवलेलं असतं. म्हणजे एका पत्र्याने ते शेवटच्या पायरीवर आणून ठेवलं. आणि वारा दुप्पट झाला तर रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी नव्वदच्या झोतात तोच पत्रा सव्वाशे किलोने ढकलतो. पत्रा धरलेल्या माणसाला फक्त हात दुखल्याचं कळतं. खाली चाकं उचलायला लागली आहेत हे त्याला दिसत नाही.

बांधकामाबाहेरचं एक प्रकरण इथे सांगावंसं वाटतं. ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या नोट्र डेम विद्यापीठात फुटबॉलचा सराव चित्रित करायला वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला सिझर लिफ्टवर चढवलं होतं. वाऱ्याचे झोत ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे गेले, लिफ्ट उलटली आणि तो गेला. ना पत्रा, ना बोर्ड. माणूस, कॅमेरा आणि उंची.

पाठीमागचा बीम

यंत्र उलटलं की सगळ्यांना आवाज येतो. चिरडण्याचा अपघात मात्र जवळजवळ शांतपणे होतो, म्हणून त्याची चर्चा कमी.

टोपलीत बटणांचं पॅनल पुढे असतं आणि पायाशी एक पेडल. पेडल दाबलेलं असेपर्यंतच यंत्र हलतं, सोडलं की थांबतं. कल्पना चांगली आहे. आता असं समजा की माणूस छताखाली वाकून काम करतोय, नजर समोरच्या नट-बोल्टवर, आणि यंत्र जरा मागे किंवा वर घेतोय. पाठीला बीम लागतो. दचकून माणूस पुढे झुकतो, छाती पॅनलवर पडते, आणि जॉयस्टिक, म्हणजे यंत्र चालवायचा दांडा, त्याच दिशेला आणखी दाबली जाते. पाय पेडलवरच, कारण अंगाचं वजन त्याच्यावर आलेलं. यंत्र हुकूम पाळत राहतं. बरगड्या दाबल्या गेल्यामुळे ओरडताही येत नाही. खालच्या माणसाला दिसतं ते इतकंच की वरचा वाकून काम करतोय.

यावर पॅनलच्या वर दाबपट्टी बसवायला लागले आहेत. छाती तिच्यावर पडली की यंत्र थांबतं आणि थोडं उलटंही सरकतं. भाड्याने मशीन घेताना ही पट्टी आहे का, एवढं विचारायला पैसे पडत नाहीत.

दिशेचा गोंधळ हा यातलाच. बूमचा वरचा भाग गाडीवर गोल फिरतो. अर्धा फेरा फिरला की टोपली गाडीच्या दुसऱ्या तोंडाकडे जाते, पण पॅनलवरचं 'पुढे' अजून गाडीचं जुनं 'पुढे' असतं. तुम्ही जॉयस्टिक पुढे ढकलता आणि यंत्र तुम्हाला घेऊन मागे जातं. यासाठी गाडीवर आणि पॅनलवर रंगीत बाण असतात. हलण्याआधी रंग जुळवायचा आणि मग दांडा ढकलायचा. नव्या ऑपरेटरला मी आधी हेच करायला लावतो, जमिनीपासून फूटभर उंचीवर, मोकळ्या मैदानात.

विजेबद्दल थोडक्यात, कारण तिथे घोटाळा कमी आणि आंधळेपणा जास्त. साधी बूम लिफ्ट वीजरोधक नसते, ती आख्खी पोलादाची असते. गावाबाहेरच्या प्लॉटवरून ११ केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, तारा जातात आणि त्यांना स्पर्श व्हायचीही गरज नसते, पुरेसं जवळ गेलं की वीज हवेतून उडी मारते. अमेरिकी नियमात ५० केव्हीपर्यंतच्या तारेपासून किमान दहा फूट, म्हणजे तीन मीटर दूर राहायचं असतं. टोपलीतल्या माणसाच्या हातातला पाइपही त्या तीन मीटरात धरायचा. तारेला यंत्र लागलंच तर खालच्यांनी गाडीला हात लावू नये, जवळही जाऊ नये. जमिनीतूनही करंट येतो. आधी वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यायची, मग बाकीचं.

चावी

वरचा माणूस अडकला, बेशुद्ध झाला, तर त्याला खाली कसं आणायचं? शिडी लावून? क्रेन बोलावून? याचं उत्तर यंत्रावरच असतं. गाडीच्या बाजूला झाकणाखाली बटणांचा दुसरा संच असतो, आणि इंजिन बंद पडलं तरी टोपली उतरवायची सोयही असते. फक्त चावीचा खटका 'वर'वरून 'खाली' फिरवावा लागतो.

एका गोदामाच्या साइटवर मी जेवणाच्या सुट्टीआधी सहज मुकादमाला विचारलं, "काका, वरचा पोरगा चक्कर येऊन पडला तर उतरवाल कसा?" ते हसले. "हाका मारू की." मी झाकण उघडून दाखवलं. आतली बटणं त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. खटक्यात चावी नव्हती. सकाळी दुसऱ्या टोळीने मशीन पळवलं म्हणून वरच्या पोराने ती काढून घेतली होती. ती त्याच्याच खिशात, चौदा मीटर वर.

हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्या माणसाला मिनिटं मोजायची असतात. मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात आणि जराशाने तो शुद्ध हरपू शकतो. म्हणून टोपली उतरवता येणारा एक माणूस खाली सतत हवा. खाली आल्यावर, पाठीला मार असेल तर त्याला उचलून रिक्षात कोंबू नये. मान-पाठ न हलवता पडू द्यावं आणि १०८ ला फोन करावा. आपल्याकडे माया म्हणून पाणी पाजतात. तेही नको.

नंतरचं

अपघातानंतर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "त्याने बेल्टच लावला नव्हता." म्हणजे चूक त्याची, भरपाई नाही. घरच्यांना हे खरं वाटतं आणि ते गप्प बसतात. कायदा तसं म्हणत नाही. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यात दारूच्या नशेची, मुद्दाम नियम मोडल्याची सबब मालकाला दिली आहे खरी, पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ती सबब चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण हे तत्त्व तिथेही आहे.

दुसरं वाक्य: "तो आमचा माणूस नव्हे, ठेकेदाराचा." त्यालाही उत्तर आहे. मुख्य मालकाने आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकरवी करून घेतलं तर कामगाराची भरपाई त्याच्याकडूनही मागता येते. नंतर त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

रक्कम कशी निघते? मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. जुन्या कायद्याखाली २०२० पासून पगार जास्तीत जास्त १५,००० धरत होते. तिशीच्या कामगारासाठी आकडा २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, होतात १५,५९,८५०. ठेकेदार तेराव्याला दीड-दोन लाख देऊन कागदावर अंगठा घेतो तेव्हा समोर हा आकडा असावा. मालकाने महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर व्याज आणि दंडही लागू शकतो. अर्जाची मुदत दोन वर्षं. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमा असेल तर वाट वेगळी, तिथे लाभ महामंडळ देतं.

याशिवाय महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. वय १८ ते ६० आणि आधीच्या वर्षात ९० दिवस काम एवढ्यावर नोंदणी होते. नोंदीत कामगार कामावर असताना दगावला तर वारसांना मंडळाकडून ५ लाख मिळतात. हे भरपाईपेक्षा वेगळे.

पण या सगळ्याला पुरावा लागतो, आणि बूम बहुधा भाड्याची असते. दुसऱ्या दिवशी ट्रेलर येतो आणि तिला घेऊन जातो. यंत्रावरची पाटी, तिच्यावरचा नंबर, चाकाखालची जमीन, टोपलीतली दोराची कडी, यांचे फोटो त्याच संध्याकाळी कुणीतरी काढून ठेवायला हवेत. सोबतच्या पोरांच्या खिशात फोन असतातच. हजेरीच्या वहीचं पान, आणि मजुरी फोनवर जमा होत असेल तर ते मेसेज, हेही जपून ठेवावेत, कारण पगार किती होता हा वाद त्यावरच मिटतो.